लेखणीचे बारगीर आणि शिलेदार

महाराष्ट्राबाहेरच्या कोणत्याही मराठी मंडळाच्या सभासदांची यादी चाळावी, तिच्यात चिटणीस, फडणीस, सबनीस, पोतनीस, पारसनीस, जमेनीस, कारखानीस यांपैकी दोनचार आडनावे हटकून आढळतात. या सर्व नावांच्या शेवटी जो 'नीस' येतो तो मूळचा फारसी 'नवीस' होय, आणि त्याचा अर्थ लिहिणारा. नागपूरकडच्या चिटनवीस या आडनावात तो अद्याप अखंड राहिला आहे. चिठ्ठ्या लिहिणारा तो चिटणीस, फारसी पत्रव्यवहार पाहणारा तो पारसनीस, पोत्याचा म्हणजे खजिन्याचा हिशेब ठेवणारा तो पोतनीस. एखाद्या समाजात लढणाऱ्यांची आणि नांगर धरणाऱ्यांची आडनावे असावीत हे ओघानेच आले. परंतु दुसऱ्याच्या सांगण्यावरून कागद लिहिणाऱ्यांची इतकी आडनावे असावीत, ही गोष्ट थोडी थांबून विचार करण्यासारखी आहे. मंडळाच्या कार्यवाहाला आपण आजही 'चिटणीस' म्हणतो आणि त्याच्यावर पत्रे लिहिण्याचे काम सोपवितो, यातही तोच जुना धागा आहे.

मराठीच्या इतिहासात संतकवींची, शाहिरांची, नाटककारांची आणि कादंबरीकारांची गणना पुष्कळ झाली, आणि ती योग्यच आहे. या लेखाचा विषय मात्र वेगळा आहे. मोबदला घेऊन दुसऱ्यासाठी लिहिणारा जो वर्ग, म्हणजे कारकून, मुनशी, शास्त्री, भाषांतरकार, पत्रे लिहून देणारे लेखनिक, त्यांनी मराठीला काय दिले, आणि त्यातला किती वाटा महाराष्ट्राच्या सीमेबाहेर घडला, एवढेच येथे पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखक स्वतः या वर्गातला आहे, हे प्रारंभीच सांगितलेले बरे. नोकरी न करता, येईल त्या कामावर, शब्दांच्या मोजणीने लिहिणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय. बियाण्यांच्या पाकिटावरील सूचना, विम्याचे अर्ज, औषधांची माहितीपत्रके, बँकेच्या नोटिसा, क्वचित एखादा स्मृतिग्रंथ, असा तो संसार आहे.

या धंद्याला इंग्रजीत 'फ्रीलान्स' म्हणतात. वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅनहो' या १८१९-२० च्या कादंबरीमुळे तो शब्द रूढ झाला. कोणा एका सरदाराशी न बांधलेला, आपला भाला घेऊन हिंडणारा भाडोत्री स्वार असा त्याचा मूळ अर्थ. मराठीत आपण त्याला 'मुक्त लेखक' म्हणतो. त्यातले 'मुक्त' हे विशेषण ऐकले की मला हसू येते, कारण दर महिन्याच्या अखेरीस बिलाची आठवण करून देणारी पत्रे लिहिणारा मनुष्य कितपत मुक्त असतो हे त्याचे त्यालाच ठाऊक. खरे पाहता या कल्पनेला साजेसा शब्द मराठ्यांच्या लष्करात तयार होता. सरकारी घोड्यावर बसून चाकरी करणारा तो बारगीर; स्वतःचा घोडा आणि स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस राहणारा तो शिलेदार. मान शिलेदाराचा मोठा. परंतु घोडा मेला तर बारगिराला सरकारातून दुसरा मिळे, शिलेदाराचे नुकसान त्याचे त्याने सोसावयाचे. लेखणीच्या क्षेत्रातही हे दोन्ही वर्ग प्रथमपासून आहेत.

लेखणीच्या बारगिरांमध्ये पहिले नाव घ्यावयाचे ते बाळाजी आवजी चिटणीसांचे. शिवाजीमहाराजांनी त्यांना एक पत्र लिहावयास सांगितले, कामाच्या गर्दीत ते राहून गेले, आणि रात्री महाराजांनी वाचून दाखविण्याची आज्ञा केली तेव्हा बाळाजींनी कोरा कागद हाती धरून अवघे पत्र अस्खलित म्हणून दाखविले, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती घडली असेल वा नसेल. पण अशी कथा एखाद्या कवीविषयी न सांगता चिटणिसाविषयी सांगितली जावी, यावरून लोक त्याच्या कसबाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होते ते कळते. धन्याच्या मनातला मजकूर त्याच्या मर्जीच्या भाषेत, योग्य मायन्यासह, मनातल्या मनात रचून ठेवणे हे ते कसब.

मायना हा आज चेष्टेचा विषय झाला आहे. शाळेतील पत्रलेखनाच्या तासाला 'तीर्थस्वरूप' आणि 'सा. न. वि. वि.' घोकून आपण सर्वच कंटाळलेले असतो. परंतु जुन्या दरबारी पत्रात मायना ही शोभेची वस्तू नव्हती. कोणाला 'राजश्री', कोणाला 'राजमान्य राजश्री', कोणाला आशीर्वाद लिहावयाचा आणि कोणाला नमस्कार, यावरून त्या क्षणी उभयतांचे नाते काय आहे हे पत्राचा पुढील मजकूर वाचण्यापूर्वीच समजे. मायन्यातील एक पायरी उतरली तर तो अपमान होई, एक पायरी चढली तर ती सवलत ठरे. 'विज्ञापना' म्हटले की लिहिणारा खालचा, 'जाणिजे' म्हटले की वरचा. अखेरीस मजकूर संपला त्या ठिकाणी लेखनसीमेची मुद्रा होई, म्हणजे खाली कोणी एखादी ओळ घुसडू नये. ही सर्व व्यवस्था एखाद्या चांगल्या कुलपासारखी आहे, आणि ती बसविणारे हात कारकुनांचे आहेत.

लिपीचीही तीच गोष्ट. बोरू शक्य तितका कमी उचलावा या सोयीसाठी मोडी घडली. आधी कागदावर आडव्या रेघा आखून घ्यावयाच्या आणि मग त्यांना अक्षरे लटकवीत जावयाचे. ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, विरामचिन्हे नाहीत, दोन शब्दांत जागाही सोडलेली नाही. आजच्या वाचकाला ती गूढ वाटते, पण ती गूढतेसाठी नव्हती, वेगासाठी होती. दिवसाकाठी कित्येक कागद हातावेगळे करणाऱ्या माणसाने बनविलेली ती लिपी आहे. बाळबोध ही पोथीची लिपी, मोडी ही फडावरची. पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले जे कोट्यवधी कागद आहेत त्यांतील बहुतेक मोडीत आहेत. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड सिद्ध केले, तरीही तो साठा पुष्कळसा अस्पर्श राहिला.

या फडांवरून जे शब्द घरात आले त्यांची मौज वेगळीच आहे. दप्तर हे मूळचे कचेरीचे, आता ते पहिलीतल्या मुलाच्या पाठीवर असते. अर्जावर कचेरीने जो शेरा मारावयाचा ती मखलाशी. आज आपण चतुराईने केलेल्या सारवासारवीला मखलाशी म्हणतो, आणि या अर्थांतरात जनतेने कचेरीवर केलेली टीकाच उमटली आहे. शिक्कामोर्तब हा शब्द तर लग्न ठरविणाऱ्या आत्याबाईही वापरतात. मसुदा हा शब्द मला विशेष प्रिय आहे. त्याच्या अरबी मुळात काळेपणाचा अर्थ आहे. मसुदा म्हणजे शाईने काळा केलेला कागद, खाडाखोड केलेला. प्रत्येक लेखनिकाच्या टेबलावर असा एक कागद असतोच.

शब्दांचा हा प्रवाह फारसीतून आला तेव्हा तो अडविण्याचा एक मोठा राजकीय प्रयत्न झाला. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, महाराजांनी अधिकाऱ्यांची फारसी नामे बदलून संस्कृत केली: मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव, वाकनिसाचा मंत्री, डबिराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. यांपैकी सचिवाचे काम होते राजपत्रांचे मसुदे तपासून त्यांतील उणेअधिक अक्षर शुद्ध करण्याचे. राज्याच्या आठ प्रधानांपैकी एकाकडे असे काम असावे, हे वाचून कोणाही मुद्रितशोधकाची मान ताठ व्हावी! पुढे 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध झाला. त्यात चौदाशेच्या आतबाहेर फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. या कामाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते रघुनाथ नारायण हणमंते पूर्वी दक्षिणेत व्यंकोजीराजांच्या कारभारात होते. महाराष्ट्रापासून दूर, तमिळ आणि तेलुगू बोलणाऱ्या प्रदेशात ज्याने मराठी कारभार चालविला त्याला भाषेचा प्रश्न अधिक टोचला असावा, असा माझा तर्क आहे. आपल्यापैकी ज्यांनी परप्रांतात आयुष्य घालविले त्यांना तो पटेल.

हा प्रयत्न किती यशस्वी झाला? इतिहासाचार्य राजवाड्यांनी निरनिराळ्या काळांतील पत्रांतले शब्द प्रत्यक्ष मोजून दाखविले की शिवकालापूर्वीच्या मानाने पुढील शतकात फारसीचे प्रमाण झपाट्याने घटले. एवढे खरे. परंतु दुसरीही बाजू आहे. ज्या पदाचे नाव 'मुख्य प्रधान' असे ठरले आणि मुद्रेवर तसेच कोरले गेले, त्या पदावरील पुरुषांना जग 'पेशवे' म्हणूनच ओळखते. फडणीस फडणीसच राहिला, आणि नाना फडणिसांना कोणी दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. माझ्या मते कोशकाराचा शब्द टिकला तेथे तो कारकुनाला लिहावयास सोपा पडला म्हणून टिकला. जेथे हात अडखळला तेथे आज्ञा विरली. माधव जूलियन यांचे उदाहरण या संदर्भात बोधक आहे. १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश रचणारा हा फारसीचा पंडित पुढे भाषाशुद्धीचा कैवारी झाला. परकी शब्दांवर त्याच्याइतके प्रेम फारच थोड्यांनी केले असेल आणि त्यांना निरोपही त्याच्याइतक्या जाणतेपणाने फारच थोड्यांनी दिला असेल.

आता महाराष्ट्राबाहेर वळू. शिवचरित्राचे जे अत्यंत विश्वसनीय साधन मानले जाते ती कृष्णाजी अनंत सभासदाची बखर रायगडावर वा साताऱ्यास लिहिली गेली नाही. ती सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात, राजाराममहाराजांच्या सांगण्यावरून, आजच्या तमिळनाडूतील जिंजीच्या किल्ल्यात लिहिली गेली. त्या काळात किल्ल्याभोवती मोगलांचा वेढा वर्षानुवर्षे चालू होता. सभासद हा आज्ञेने लिहिणारा, म्हणजे आमच्या परिभाषेत बारगीर. परंतु त्याच्या लहान लहान, गाठी मारल्यासारख्या वाक्यांत जे सामर्थ्य आहे ते नंतरच्या अनेक स्वयंस्फूर्त बखरकारांच्या अलंकारिक वाक्यांत नाही. सांगितलेले काम म्हणजे हलके काम ही आपली समजूत या एका उदाहरणाने डळमळावयास हवी.

तंजावरास तर मराठीने दगडावर संसार मांडला. सरफोजीराजे दुसरे यांच्या आज्ञेने भोसले वंशाचा इतिहास १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर कोरला गेला. त्यापूर्वी चार वर्षे, १७९९ च्या तहाने, राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला होता आणि राजांच्या हाती जवळपास किल्लाच तेवढा उरला होता. राज्य गेल्यावर वंशाचा इतिहास दगडावर लिहावा असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु याच राजांनी तेथे छापखाना घातला, देवनागरीत मराठी पुस्तके छापविली, आणि सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. तंजावरच्या दरबारी कारभाराचे मोडी कागद गाठोड्यांनी तेथे आजही आहेत. चोळांच्या त्या देवालयाभोवती रोजचा जमाखर्च एके काळी मराठीत लिहिला जात होता, याचे महाराष्ट्रातील मराठी माणसाला फारसे स्मरण नसते.

याच सुमारास तिसऱ्याच टोकाला, बंगालमध्ये, मराठी गद्य छापखान्यात शिरत होते. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात विल्यम कॅरे हे कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी शिकवीत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये निघाले आणि कोश १८१० मध्ये. श्रीरामपूरच्या छापखान्यात मोडीचे खिळे पाडले गेले आणि तो कोश मोडीत छापला गेला. कॅरे यांच्यामागे उभा असलेला मनुष्य म्हणजे वैजनाथ शर्मा हा पंडित. १८१४ ची 'सिंहासनबत्तिशी' आणि तिच्या मागोमाग निघालेली आणखी काही पुस्तके त्याच्या नावावर आहेत. त्याची भाषा काहीशी ओबडधोबड आहे हे मान्य. पण पगार घेऊन, परमुलखात, परक्या विद्यार्थ्यांकरिता, ज्या प्रकारच्या गद्याला छापील रूप मिळालेलेच नव्हते ते तो लिहीत होता. मुद्रित मराठी गद्याच्या जन्मस्थानाची चर्चा करताना आपण मुंबईचे नाव घेतो. गंगेच्या काठच्या या पाळण्याचे नाव घेण्यास काही हरकत नसावी.

पुढे मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंच्या कोशाचे कार्य झाले. पहिली आवृत्ती १८३१ ची, दुसरी १८५७ ची. आज ज्याला आपण 'मोल्सवर्थ' म्हणतो तो शब्दसंग्रह गोळा करण्यात अनेक शास्त्र्यांचे हात गुंतले होते, आणि मुखपृष्ठावर मात्र साहेबाचे नाव राहिले. मी हे तक्रारीच्या स्वरात लिहीत नाही. साहेबाची चिकाटी असामान्य होती. परंतु भाषांतरित पुस्तिकेवर स्वतःचे नाव कधीच न पाहणाऱ्या माझ्यासारख्याला त्या शास्त्र्यांविषयी अधिक आपलेपणा वाटतो, एवढेच. थॉमस कँडी यांनी 'विरामचिन्हांची परिभाषा' ही पुस्तिका १८५० मध्ये काढली आणि मराठी वाक्याला पूर्णविराम, स्वल्पविराम लागू लागले. मोडीच्या फडावर ज्यांची गरज भासली नाही ती चिन्हे छापखान्याच्या आणि शाळाखात्याच्या कामामुळे आली. या कमावलेल्या, इंग्रजी वळणाच्या मराठीवर विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ पासून 'निबंधमाले'तून तुटून पडले. शास्त्रीबुवा त्या वेळी सरकारी शाळेत बारगिरी करीत होते. पुढे त्यांनी नोकरीची बेडी झुगारून दिली आणि ते पूर्ण शिलेदार झाले. त्यांनी ज्या मराठीची टर उडविली तिचीच विरामचिन्हे वापरून त्यांनी आपली लांबलचक, डौलदार वाक्ये सावरली, हे मात्र त्यांच्या भक्तांनी क्वचितच सांगितले आहे.

१८७९ मध्ये हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि पुढल्याच वर्षी टपालाची मनीऑर्डर. या दोन गोष्टींनी लेखनिकाचे गिऱ्हाईकच पालटले. आजवर राजे आणि सावकार पत्रे लिहवून घेत. आता गिरणीतला मजूर लिहवून घेऊ लागला. मुंबईच्या मोठ्या टपाल कचेरीबाहेर पत्रे लिहून देणारे लेखनिक लहानशी मेजे मांडून बसत, ती परंपरा विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आणि त्यानंतरही रेंगाळत राहिली. कोकणातून, घाटावरून आलेला चाकरमानी त्यांच्यापुढे उकिडवा बसे आणि सांगे. काय सांगे? पैसे पाठविले, गायीचे काय झाले, आईचा दमा, धाकट्याला शाळेत घाला, गणपतीला येईन. लेखनिकाने ते कार्डाच्या अरुंद जागेत बसवायचे, शिवाय गावी ते पत्र पोस्टमन किंवा शाळामास्तर मोठ्याने वाचणार आणि भोवती चार माणसे ऐकणार हे ध्यानात ठेवायचे. नवऱ्याने बायकोला लिहिलेल्या पत्रात बायकोचे नाव येऊ नये, मायना वडिलांचा असावा, आणि तरीही जे तिला कळावयाचे ते तिला कळावे. दरबारी चिटणिसाच्या कौशल्याहून हे कौशल्य उणे होते असे मला वाटत नाही. त्या पत्रांचा संग्रह मात्र कोणी केला नाही. राजाचे पत्र रुमालात राहिले, मजुराचे पोस्टकार्ड आढ्याला अडकविलेल्या तारेत टोचले गेले आणि पहिल्या पावसाळ्यात ओले होऊन गेले.

तारेचा उल्लेख आलाच आहे तर दुसऱ्या तारेविषयीही दोन शब्द. तारखात्याने शब्दागणिक आकार लावून साऱ्या देशाला काटकसर शिकविली. २०१३ च्या जुलैत ती सेवा बंद झाली, पण शब्दागणिक आकारणी आमच्या धंद्यात जिवंत आहे, आणि तिच्यामुळे मराठी लेखकाचे कसे नुकसान होते ते सांगितले पाहिजे. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात. 'शेजाऱ्यांच्यासाठीसुद्धा' हा मोजणाऱ्याच्या दृष्टीने एक शब्द. हिंदीत त्याचेच चार पाच होतात, इंग्रजीतही तसेच. तेव्हा मूळ मजकुराचे शब्द मोजून पैसे द्यावयाचे की मराठीचे, हा प्रश्न ऐकावयास क्षुद्र असला तरी महिन्याच्या किराण्याशी त्याचा संबंध आहे. चलाख गिऱ्हाईक मराठीचे शब्द मोजावयास सांगते. ज्या भाषेची घडणच आटोपशीर तिच्या लेखकाला आटोपशीर मोबदला, असा हा न्याय आहे.

नवे शब्द घडविण्याच्या बाबतीत महाराष्ट्राबाहेरील एका मराठी राजाचे ऋण मान्य केले पाहिजे. बडोद्याचे सयाजीराव महाराज १८७५ मध्ये गादीवर आले. त्यांची प्रजा गुजराती, घराणे मराठी, वरिष्ठ सत्ता इंग्रज. या त्रांगड्यातून वाट काढण्यासाठी त्यांच्या राज्यात भाषेचा विचार शास्त्रीय पद्धतीने झाला. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा त्याचा कळस. राज्यकारभाराच्या एकेका इंग्रजी शब्दासमोर गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली प्रतिशब्द मांडलेले आहेत. एकमेकांच्या शेजारी बसविलेली ही भाषांची पंगत पाहिली की शिवकालीन कोशाशी तिचा फरक ध्यानात येतो. तेथे एक भाषा काढून दुसरी आणावयाची होती. येथे सर्वांना विचारून मग निवड करावयाची होती. मला ही दुसरी पद्धत अधिक भावते, आणि परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाच्या अनुभवाशीही ती अधिक जुळते.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झाले, त्याच वर्षी भाषा संचालनालय निघाले, आणि १९६४ च्या राजभाषा अधिनियमाने मराठीला कारभारात कायद्याचे स्थान मिळाले. पदनाम कोश निघाला तेव्हा 'बदनाम कोश' म्हणून त्याची यथेच्छ थट्टा झाली. आज संचालक, सचिव, अभियंता, अधीक्षक हे शब्द उच्चारताना कोणालाही हसू येत नाही. थट्टा करणाऱ्यांचे सर्वस्वी चुकले असेही नाही, कारण त्याच कारखान्यातून निघालेले कित्येक शब्द फायलींबाहेर कधीच पडले नाहीत. मला स्वतःला एकदा स्वयंपाकाच्या प्रेशर कुकरच्या सूचना मराठीत करावयाच्या होत्या. मी 'शिट्टी' लिहिले. काम देणाऱ्या कचेरीला तो शब्द गावठी वाटला आणि तिने 'वाफनिर्गमनध्वनी' असा शब्द सुचविला. पुष्कळ पत्रव्यवहार झाला. छापील कागदावर अखेर काय गेले ते मी पाहिले नाही, पण घरोघर शिट्ट्याच मोजल्या जात आहेत.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद आपण मंडळात पेढे वाटून साजरा केला, आणि तो करावयासच हवा होता. परंतु अभिजातपण हा भूतकाळाचा हिशेब आहे. चालू खात्यावर काय आहे, ते पाहण्यासाठी मी या लेखाच्या निमित्ताने मंडळाची जुनी इतिवृत्ते मागून घेतली. पहिल्या वर्षांचे इतिवृत्त निळ्या शाईत, सुवाच्य मराठीत आहे. 'जमाखर्चास मंजुरी', 'आभारप्रदर्शनानंतर सभा बरखास्त', 'अल्पोपाहाराचा खर्च अंदाजाबाहेर गेला त्याबद्दल चर्चा', असे सगळे. पुढे हिशेबतपासनिसांच्या आणि नोंदणी कार्यालयाच्या सोयीसाठी ते इंग्रजीत टंकलिखित झाले. अलीकडे सूचना भ्रमणध्वनीवर येतात, त्या बहुधा रोमन लिपीत मराठी, म्हणजे मोडी जितकी परकी वाटते तितकीच वेगळ्या अर्थाने परकी. कार्यक्रम मराठी आहेत, नाटक मराठी आहे, आरत्या मराठी आहेत. परंतु वर्गणीची पावती, जागेचा करार, वाद आणि तडजोड हे सर्व दुसऱ्या भाषेत गेले आहे. तंजावरलाही क्रम हाच होता, कारभार आधी गेला आणि घरातली बोली मागे राहिली. तिथल्या मराठी घरांतून ती अद्याप बोलली जाते, तमिळशी मिसळून, आपल्या वेगळ्या रूपात; मात्र तिच्यातून आता कोणी खतावणी लिहीत नाही.

यासाठी कार्यकारिणीपुढे मी दोन गोष्टी लेखी मांडल्या आहेत. इतिवृत्ताची मूळ प्रत मराठीत लिहावी आणि कायद्यासाठी लागेल तेवढे भाषांतर वेगळे जोडावे. ते भाषांतर मी विनामूल्य करून देईन, शब्द न मोजता. दुसरी गोष्ट अधिक निकडीची आहे. आपल्या सभासदांच्या घरी पोटमाळ्यावर, ट्रंकांमध्ये, देवघराच्या फडताळात जुनी पत्रे, पोस्टकार्डे, हिशेबाच्या चोपड्या आणि क्वचित मोडी खतपत्रे पडून आहेत. दोन घरांत मी ती स्वतः पाहिली आहेत. एकात आजोबांनी या शहरात पहिली नोकरी लागल्यावर गावी पाठविलेली आणि परत आलेली कार्डे आहेत, दुसऱ्यात मोडीतील एक गाठोडे आहे, जे घरात कोणालाच वाचता येत नाही आणि टाकवतही नाही. मोडीचे वर्ग महाराष्ट्रात अनेक ठिकाणी चालतात, आणि चित्रे पाठविली तर दुरून वाचून देणारी जाणती माणसेही भेटतात. ही कागदपत्रे मालकांनी आपल्याकडेच ठेवावीत, त्यांची छायाचित्रे मात्र मंडळाच्या ग्रंथालयात नोंदवावीत. पत्र कोणी कोणाला लिहिले, कोणत्या गावाहून, कोणत्या साली, एवढी नोंद सुरुवातीला पुरे. नोंदवही आणली आहे. ती ग्रंथालयाच्या कपाटात दुसऱ्या खणात ठेवली असून रविवारी सकाळी दहा ते बारा या वेळात मी तेथे असतो.